पत्रावरची तारीख

(दृश्य : पारोळा तालुक्यातलं एक घर. पत्र्याची पेटी उघडते. लुगड्यांच्या घडीखालून एक पाकीट निघतं.)

हे पत्र माझ्या काकूला आलेलं. काका गेले तेव्हा त्यांच्या आयुर्विम्याला चौथं वर्ष सरत आलं होतं. विमा कंपनीनं दावा नाकारला. कारण दिलं, प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये मधुमेह लपवला. फॉर्म एजंटानं भरलेला, काकांची त्यावर फक्त सही. काकूनं पत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "इंग्रजीमा शे, माले काय समजस?" पत्र पेटीत गेलं. तीन वर्षं तिथंच राहिलं.

त्या पत्राला कायद्यात उत्तर होतं. विमा कायदा 1938 चा. त्याचं कलम 45 संसदेनं 2015 मध्ये बदललं. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणानं वादात ओढता येत नाही. फसवणूक झाली असं म्हणूनसुद्धा नाही. त्याआधी मुदत दोनच वर्षांची होती, पण फसवणुकीचा आरोप करायला दार उघडं होतं. ते दार 2015 ला बंद झालं.

मात्र याच कलमातली एक गोष्ट खान्देशातल्या घराघरात सांगायला हवी. पॉलिसी हप्ता थकून बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर तीन वर्षांची मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. आमच्याकडे घरात पैसा येतो तो कापूस विकल्यावर. तोवर हप्ता राहतो, पॉलिसी लॅप्स होते, मग दंड भरून पुन्हा सुरू करायची. दहा वर्षं जुनी पॉलिसी अशा वेळी कायद्याच्या हिशेबात दोन वर्षांचीच निघू शकते. मला वाटतं, एजंटाच्या शिक्षणात पहिल्या दिवशी हे शिकवावं आणि त्यानं ते ओट्यावर बसून, आपल्या बोलीत ग्राहकाला सांगावं.

(दृश्य : धुळे. महामार्गावरून जाणारे ट्रक, पिकअप, उसाच्या ट्रॉल्या.)

धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांचा चौक. अपघाताच्या भरपाईचे दावे इथल्या वकिलांना नवे नाहीत. पण ज्यांनी 1994 नंतर वकिली सुरू केली, त्यांना या दाव्याला मुदत असते हेच माहीत नव्हतं, कारण त्या वर्षी मुदत काढून टाकली होती. सत्तावीस वर्षं तसंच चाललं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. माणूस गेल्यावर घर सावरायलाच सहा महिने जातात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि मुदत संपली एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. दुसरीकडे, पोलिसांनी अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज धरावा, अशीही तरतूद आता कायद्यात आहे.

मुदत नव्हती, मग आली, आता तिच्यावरच प्रश्न आहे. हे सगळं एकाच वकिलाच्या कारकिर्दीत घडलं.

केळी वाहणाऱ्या पिकअपचंच घ्या. चालकाकडे हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, पण मालवाहू गाडीचा वेगळा शेरा नाही, म्हणून विमा कंपन्या जबाबदारी झटकत. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की, गाडीचं एकूण वजन साडेसात हजार किलोपेक्षा कमी असेल तर तो वेगळा शेरा लागत नाही. ज्याला हा निकाल माहीत नाही, तो वकील आजही तडजोडीत अशिलाचे पैसे सोडून देईल.

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. वकिलाला सनद मिळाल्यावर पुन्हा शिकण्याची अशी सक्ती नाही. विम्याच्या शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत : मुंबईचं भारतीय विमा संस्थान 1955 चं, पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी 1980 ची. तळोद्याच्या किंवा चोपड्याच्या वकिलाला मुंबई-पुणं म्हणजे रात्रभराची गाडी. तालुक्याच्या बाररूममध्ये महिन्यातून एक संध्याकाळ नवे निकाल वाचले गेले, तरी पुष्कळ घरं वाचतील.

(दृश्य : रावेर. वाऱ्यानं आडवी झालेली केळीची बाग.)

तापीकाठी मुदत तासांत मोजतात. गारपीट झाली किंवा वावधानानं बाग झोपली, तर 72 तासांत कळवायचं. थंडीचा कडाका आणि उन्हाची होरपळ यांचा हिशेब वेगळा : हवामानावर आधारित फळपीक विम्यात बागेत येऊन कोणी पाहत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद काय म्हणते त्यावर पैसे ठरतात. केळीची पानं करपलेली दिसतात, पण केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरलेला नसतो. अशा वादात बागेचे फोटो फार कामाला येत नाहीत. केंद्राची रोजची नोंद मागवावी लागते, आणि ती कशी मागायची, कशी वाचायची, हे वकिलालाही शिकावंच लागतं.

(दृश्य : जळगाव. एका वकिलाचं ऑफिस. टेबलावर तेच पाकीट.)

काकूचं पत्र शेवटी वाचलं ते एका तरुण वकील ताईनं. तिनं कारण नंतर वाचलं, आधी पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे वकिलाशिवाय जाता आलं असतं, पण नकारानंतर एका वर्षात. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि काकूच्या पॉलिसीएवढ्या रकमेला फीही लागत नाही. पण मुदत दोन वर्षं. दोन्ही टळून गेल्या होत्या.

"काकू, पत्र कोणी वाचून दाखवलं नव्हतं का?"

काकूनं मान हलवली.

"मग तेच लिहू. पुरेसं कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 मध्ये तशी सोय आहे."

विलंब माफीचा अर्ज दाखल झाला आहे. त्यात काकूचं म्हणणं मराठीत लिहिलं आहे. वकील ताईनं ते तिला दोनदा वाचून दाखवलं, आणि मगच तिचा अंगठा घेतला.