भुरीबाईंची भिंत

भोपाळच्या श्यामला टेकडीवरील मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालयात ही जी भिंत दिसते आहे, ती सुमारे 70 फूट लांब असून एका भिल्ल स्त्रीचे आत्मचरित्र आहे. भुरीबाईंनी ते स्वतःच्या हाताने रंगविले आहे. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल या गावातले बालपण, पोटासाठी भोपाळला येणे, बांधकामावरची मजुरी आणि त्यानंतर हाती आलेला रंग, असा हा सगळा प्रवास आहे. रेषेच्या आतली जागा भिल्ल चित्रकार ठिपक्यांनी भरतात. कॅमेरा जवळ नेला की प्रत्येक ठिपका निराळा उमटलेला दिसतो.

आदिवासी दालन म्हटले की अनेक संग्रहालयांत काचेमागे प्लास्टरचा पुतळा, शेजारी धनुष्यबाण आणि खाली जमातीचे नाव एवढेच पाहायला मिळते. वस्तू कोणी घडविली, हे त्या पाटीवर क्वचितच असते. राजाच्या तलवारीला मालकाचे नाव मिळते आणि टोपली मात्र निनावी राहते, याचे आपल्याला फारसे काही वाटत नाही.

भुरीबाईंना नाव मिळाले त्याची सुरुवात याच शहरात झाली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेल्या भारत भवन या कलाकेंद्राचे काम चालू होते आणि भुरीबाई तेथे डोक्यावरून माल वाहत होत्या. तेथील कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. शहरी आधुनिक चित्रे आणि आदिवासी-लोककलेची चित्रे एकाच छताखाली, सारख्याच मानाने लावायची, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी कलेच्या विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत पाठविले. पाटणगढ या गावातील एका घराच्या भिंतीवर जनगढसिंह श्याम या परधान गोंड (गोंडांच्या कथा गाणाऱ्या समाजातल्या) तरुणाची चित्रे सापडली, ती त्याच शोधात. बांधकामावरच्या स्त्रियांनाही स्वामिनाथन यांनी घरी भिंतीवर जे काढता ते कागदावर काढा असे सांगितले. मजुरी बुडण्याची भीती होती; चित्राचे पैसे मिळतील असे ठरल्यावर भुरीबाई बसल्या. गावी माती, पाने आणि कोळसा यांपासून रंग करणाऱ्या हातांना तयार रंग प्रथमच मिळाले. 1982 साली भारत भवन खुले झाले आणि ज्या इमारतीसाठी त्यांनी ओझी वाहिली तिच्याच संग्रहात त्यांची चित्रे गेली.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भिल्लांमध्ये आणि गुजरातेतील राठवा आदिवासींमध्ये नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा हे विधीचे चित्र लिहितात. होय, पिठोरा काढत नाहीत, लिहितात. त्यातले घोडे लिहिण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचा. भुरीबाईंनी ती मर्यादा पाळली आणि झाडे, पशुपक्षी, जत्रा, पुढे बस आणि विमानसुद्धा आपल्या चित्रांत आणले. काय दाखवायचे आणि काय दाखवायचे नाही, हे त्यांनी स्वतः ठरविले. प्रतिनिधित्व या जड शब्दाचा अर्थ आम्हाला तरी याहून वेगळा वाटत नाही.

2013 साली खुल्या झालेल्या या जनजातीय संग्रहालयाची वास्तू रेवती कामथ यांची असली, तरी आतली दालने गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, सहरिया अशा समाजांतून आलेल्या कारागिरांनी उभी केली आहेत. माती लिंपलेल्या या भिंती, हा बांबूचा विणकाम केलेला आडोसा, ही दारावरची नक्षी, सगळे त्यांनी येथेच बसून केले. कोरकू घराच्या या ओसरीवर मराठी प्रेक्षकाने जरा थांबावे, कारण हाच समाज आपल्या मेळघाटातही राहतो. पुढच्या दालनात देवांच्या कथा आहेत. परधान गायक बाणा हे तंतुवाद्य वाजवून साजाच्या (ऐनाच्या) झाडात वसणाऱ्या बडादेवाला, गोंडांच्या मुख्य देवाला, जागवितो, ती कथा येथे पाटीवर वाचावी लागत नाही. झाडाखालून चालत जाताना ती कळत जाते.

जनगढ 2001 साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना मरण पावले. भुरीबाईंना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता पुन्हा त्या भिंतीकडे, जेथे भारत भवनाचे बांधकाम रंगविले आहे.