पेज नावाचा लाइनमन

मंडळी, ‘पेज’ म्हटल्यावर मागच्या रांगेत दोघांना मीठ-लोणचं आठवलेलं दिसतंय. तांदळाची पेज नव्हे, ॲलन पेज. अमेरिकन फुटबॉलमधला लाइनमन. तिथे लांबट चेंडू हातात घेऊन पळतात, आणि डाव सुरू होताना दोन रांगा, हात जमिनीला टेकून, समोरासमोर वाकलेल्या असतात. चेंडू हलला की धडक. त्या रांगेतला गडी म्हणजे लाइनमन. कबड्डीत टाळ्या चढाईवाल्याला. पकड करणाऱ्याचं नाव किती जणांना आठवतं? मी डावा कोपरा खेळायचो, म्हणून हा माणूस मला जवळचा.

जन्म 1945, ओहायोतलं कँटन गाव. तेराव्या वर्षी आई गेली. 1954 साली काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा निकाल आला, तेव्हा पोरगा आठ-नऊ वर्षांचा. वकील व्हायचं हे त्या वयातलं. पुढे गावात फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, बांधायला घेतलं, त्या बांधकामावर त्याने काम केलं. 1967 ला तो मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघात गेला आणि 1971 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावफळीतल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

आता मला जे सांगायचंय ते. व्हायकिंग्जच्या एका बैठकीत प्रशिक्षकाने लाइनमनना डावपेचांची वही मोठ्याने वाचायला लावली. काही जणांना वाचताच येईना. सगळे कॉलेजातून आलेले! पेज ही आठवण पुढे वारंवार सांगत राहिले.

ती वाचली आणि मला माझा एक विद्यार्थी दिसला. तीस वर्षं मी पीटी शिकवली. हा पोरगा नववीत, जिल्ह्यात त्याच्यासारखी घोट्याची पकड कोणाची नव्हती. स्पर्धेचा फॉर्म भरायला दिला तर म्हणाला, “सर, हात दुखतोय, तुम्हीच भरा.” दुसऱ्या वर्षी म्हणाला, चष्मा घरी राहिला. त्याला चष्मा नव्हताच. बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा रडला. नाव सोडून काही लिहिता येत नव्हतं. मी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. उत्तर मिळालं, “अहो, तो ढाल आणतोय ना? मग कशाला?” ढाल अजून त्या शाळेच्या कपाटात आहे. पोरगा दहावी नापास झाला. मला आजही राग आहे, आणि तो माझ्यावरही आहे, कारण पहिल्या वर्षी तो फॉर्म मी मुकाट्याने भरला होता. अंगाने दणकट पोराच्या हातातून आपण पुस्तक काढून घेतो. त्याला कौतुक म्हणतो.

कार्यवाहांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. न्यायाधीश पेज राहिलेच की! भरभर सांगतो.

खेळता खेळता त्यांनी कायद्याची पदवी घेतली, 1978 मध्ये. आधी एकदा तीन आठवड्यांत कायद्याचं कॉलेज सोडलं होतं, तरी परत गेले. बायकोची सिगारेट सुटावी म्हणून तिच्याबरोबर धावायला लागले, वजन उतरलं, ते प्रशिक्षकाला पटेना. त्याच वर्षी संघाने सोडलं. शिकागो बेअर्सनी अवघ्या शंभर डॉलरमध्ये घेतलं, आणि तिथे ते 1981 पर्यंत खेळले. 1988 ला त्याच हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मान झाला. तिथे ते शिक्षणावर बोलले. आपली ओळख करून द्यायला पुढे केलं होतं मिनीॲपोलिस शहरातल्या एका मुख्याध्यापिकेला, प्रशिक्षकाला नव्हे! त्याच वर्षी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी संस्था काढली.

1992 ला मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती; तिथे न्यायाधीश मतदानाने निवडतात. राज्यपालांनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदत वाढवली, म्हणजे निवडणूकच नाही. पेज कोर्टात गेले, जिंकले, मग निवडणूकही जिंकले. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीला, 2015 साली, निवृत्त झाले. 2017 मध्ये मिनीॲपोलिसच्या एका शाळेला त्यांचं नाव मिळालं. मागणी मुलांनीच लावून धरली होती.

एकच राहिलं. खेळात मोडून त्यांची एक करंगळी काटकोनात वाकलीय, कायमची. ते वर्गात वाचनाविषयी बोलायला जातात, आणि मुलं विचारतात ती करंगळीचं.