हाडालगत चालणारी सुरी

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं घर खाटकाचं. आजोबांपासूनचं मटणाचं दुकान, चिंचेचा ओंडका, खिळ्याला टांगलेले सत्तूर आणि सुऱ्या, यात मी लहानाचा मोठा झालो. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईकं एक प्रश्न फार विचारतात. "मामा, घरी बोनलेस काढायला सुरी कोणती घेऊ?" कुणाला मटणाचं लोणचं घालायचं असतं, कुणाला खिमा घरीच करायचा असतो, कुणाला अख्खी रान, म्हणजे मांडी, आतलं हाड काढून भरायची असते. रविवारच्या गर्दीत नीट उत्तर देता येत नाही. आज सावकाश देतो.

आपल्याकडे मटण हाडासकट तोडायची रीत. नळी पडल्याशिवाय रश्श्याला चव येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून आपल्या डोळ्यांसमोर मटणाचं हत्यार म्हटलं की सत्तूरच येतो. सत्तूर वजनावर चालतो. जाड पाठीचं जड पातं वरून पडतं आणि हाड दुभंगतं. पण मांस हाडापासून सोडवायचं तर तिथे वजनाचा काही उपयोग नाही. तिथे पात्याला हाडाला चिकटून, हाडाच्या वळणावळणानं जावं लागतं. त्यासाठीचं हत्यार वेगळं. बाजारात त्याला बोनिंग नाइफ म्हणतात. आमच्या दुकानात ती नुसतीच सुरी.

बोकडाची मागची रान ओंडक्यावर ठेवली आहे असं समजा. दीड-दोन किलोची. आधी सुरीला हात लावायचा नाही. अंगठ्यानं दाबत दाबत हाड कुठून कुठे जातं ते शोधायचं. वर खुब्याचा गोळा लागतो, खाली गुडघ्याची वाटी. मग हाडाच्या रेषेवर सुरीचं टोक टेकवायचं आणि हलक्या हातानं एक लांब चीर घ्यायची. पातं हाडाला टेकलं की आवाज बदलतो. मांसातून जाताना सुरी मुकी असते, हाडावर आली की बारीक खरखर ऐकू येते. ती खरखर ऐकत ऐकत पुढे जायचं. डाव्या हातानं मांस बाजूला ओढत राहायचं, म्हणजे पुढची जागा आपोआप उघडत जाते. खुब्याच्या सांध्याशी आलात की पाय थोडा हलवून बघा. जिथे हलतो तिथे पांढरी, चकचकीत कुर्चा दिसेल. टोक तिथे आत घातलं की सांधा सुटतो, जोर लावावाच लागत नाही. सांध्यावर जोर लावावा लागत असेल, तर तुम्ही सांध्यावर नाही, हाडावर आहात.

हे काम भाजीच्या रुंद सुरीनं होत नाही. रुंद पातं वळणावर अडतं आणि हाडाला बोटभर मांस राहून जातं. मटणाचे आजचे भाव बघता ते परवडणारं नाही. पातं निमुळतं हवं, टोक अणकुचीदार हवं, आणि लांबी ५ ते ६ इंच. मी ६ इंच सांगतो. आठ-दहा इंची सुऱ्या दुकानात रुबाबदार दिसतात, पण सांध्यात टोक नेमकं कुठे आहे याचा हाताला पत्ता लागत नाही.

आता पातं ताठ की लवचिक? यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो. मासा आणि कोंबडी यांची हाडं-काटे नाजूक, तिथे लवणारं पातं चांगलं चालतं, काट्यावरून वाकत जातं. बोकडाच्या किंवा डुकराच्या मांडीत तेच पातं दाबलं की वाकतं आणि तुम्हाला नको त्या दिशेला जातं. घरी मटणच जास्त होत असेल तर ताठ पातं घ्या. दोन्ही होत असेल तर मधलं, थोडंसंच लवणारं. दुकानात पात्याचं टोक लाकडी फळीवर टेकवून हलकं दाबून बघा, लगेच कळतं. जपानी पद्धतीची होनेसुकी नावाची तिकोनी सुरीही हल्ली मिळते. ती कोंबडीसाठी उत्तम, पण तिचं पोलाद फार कडक असतं. हाडावर आपटली की धारेचा टवका उडतो.

पोलादाबद्दल थोडंच. आमच्या आप्पांच्या सुऱ्या गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या. पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, चांगलं चढलेलं असेल तर तशा सुरीसारखी धार नाही. पण ती गंजते. मीठ, लिंबू, ओलावा लागला की काळी पडते, म्हणून लगेच पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. घरच्या वापराला मी स्टेनलेस पोलादच सांगीन. जर्मन सुऱ्यांच्या पात्यावर बऱ्याचदा 'एक्स ५० सीआर एमओ व्ही १५' असं कोरलेलं असतं. म्हणजे साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. हे पोलाद मध्यम कडक असतं, गंज सहजासहजी धरत नाही आणि धार उतरली तरी लवकर परत लागते. आमच्या कामाला तेच बरं.

मुठीकडे मात्र कोणी बघत नाही, आणि मी त्यापायी रक्त सांडलंय. वीसेक वर्षांपूर्वी एक सुरी घेतली होती. दिसायला देखणी, मूठ गुळगुळीत, पॉलिश केलेली. खांद्याचं हाड काढताना हाताला चरबी लागली, मूठ फिरली आणि हात पुढे घसरून सरळ धारेवर गेला. डाव्या हातानं मांस ओढत होतो म्हणून तो वाचला, पण उजव्या तर्जनीला पाच टाके पडले. तेव्हापासून मी आधी मूठ बघतो. ती खरखरीत हवी, ओल्या हातातही धरवली पाहिजे. आणि पातं जिथे मुठीला मिळतं तिथे बोट अडेल असा उंचवटा हवा. लाकडी मुठीच्या फटीत चरबी आणि रक्त बसतं, मग कितीही धुवा, वास राहतो. मटणाच्या कामाला सांधा नसलेली, दाट प्लास्टिकची मूठ बरी. शोभेची नाही, पण निर्धोक आहे. मांस धरणाऱ्या हातात, सुरीनं न कापणारा हातमोजा मिळतो, तो घालायला लाजू नका. आणि सुरी हातातून सुटली तर ती झेलायला जाऊ नका. पाय मागे घ्या, पडू द्या.

शिकारीच्या मांसाचं काय, असंही कोणी विचारतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरीण, ससा मारणं गुन्हा आहे, तेव्हा तो विषयच नको. पण अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावानं मला फोनवर हाच प्रश्न विचारला होता. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते, आणि शेजाऱ्यानं त्याला मांस दिलं होतं. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून ती सगळी काढून टाकून मांस सुटं करतात. शिवाय हरणांमध्ये मेंदूचा एक असाध्य रोग पसरला आहे. त्यामुळे मेंदू आणि पाठीचा कणा दुसऱ्या राज्यात न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, हाडाविना मांस मात्र नेता येतं. म्हणजे तिथे ही सुरी हौसेची राहत नाही. मी त्याला ६ इंची, किंचित वर वळलेल्या पात्याची ताठ सुरी घ्यायला सांगितली. वळलेलं पातं कातडं आणि पापुद्रा सोडवायलाही उपयोगी पडतं.

सुरीचा हात कसा असावा हे बघायचं असेल तर मराठवाड्यात चान्या करणाऱ्या बायांकडे बघा. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढून त्या दोरीवर उन्हात वाळत घालतात. पट्टी कुठे जाड, कुठे पातळ झाली तर ती नीट वाळत नाही. साध्या घरगुती सुरीनं त्या हे करतात, पण ती सुरी रोज पाजवलेली असते.

पाजवणं हे शेवटचं. काम सुरू करण्याआधी पोलादी सळईवर दोन्ही बाजूंनी चार-पाच हात फिरवा. त्यानं वळलेली धार सरळ होते, नवी लागत नाही. नवी धार दगडावर लावायची, दोन-तीन महिन्यांतून एकदा. कोन किती? सुरी दगडावर काटकोनात उभी धरा, तिथून निम्मी खाली आणा, परत निम्मी आणा. तो झाला वीस-बावीस अंशांचा कोन. दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे ही सुरी देऊ नका. त्याच्या वेगानं पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं.

आप्पांची सुरी अजून माझ्या ओंडक्याशेजारच्या खिळ्याला आहे. पाजवून पाजवून तिचं पातं बोटाएवढं रुंद राहिलंय. गुर्दे सोलायला मी अजून तीच घेतो.

नमस्कार.