रूळ आणि रस्ता यांच्यामधले ठाणे

श्रोतेहो, नमस्कार.

१६ एप्रिल १८५३ रोजी साहेब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटरचे अंतर सुमारे तासाभरात कापून ठाण्याला पोहोचली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला आज बोलायचे आहे ते ही गाडी ज्या गावात येऊन थांबली, त्या गावाविषयी.

ते गाव खाडीच्या आधाराने वसलेले होते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आलेला आणि पुढे तुरुंग झालेला किल्ला, मासुंदा तलाव, त्याच्या काठचे कोपिनेश्वराचे देऊळ आणि चेंदणीचा कोळीवाडा, असा त्याचा पसारा होता. यांतला कोळीवाडा रुळांच्या वाटेत आला. आजही चेंदणी पूर्वेला आहे आणि पश्चिमेलाही आहे, आणि कोळीवाड्यातल्या कोळीवाड्यात सोयऱ्यांकडे जायचे तर आधी पूल चढावा लागतो. पहिल्या गाडीच्या कौतुकात हे सांगायचे राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

गाडीने गावाचे तोंड मात्र स्टेशनाकडे फिरवले. जांभळी नाक्यावर पहाटे मेथीच्या ओल्या जुड्या आणि झेंडूच्या पाट्या उतरतात, ‘बाजूला, बाजूला’ अशी हमालांची हाळी चालू असते. आणि तोच बाजार संध्याकाळी लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. गाडी रिकामी झाली की थोड्याच वेळात भाजीवाल्यांपुढे पिशव्या उघडतात, मग जरा ओसरते, की पुढची गाडी येते.

रस्त्याची गोष्ट निराळी. मुंबई-आग्रा रस्ता नौपाड्यातून जात असे. जुन्या रहिवाशांच्या तोंडी तो अजून आग्रा रोडच आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग झाला तो कोपरीला रुळांवरून पलीकडे येऊन जुन्या गावाच्या कडेने. कारखाने त्याच्या आसपास उभे राहिले, इतके की रिक्षावाल्याला आजही ‘नितीन कंपनी’ किंवा ‘कॅडबरी’ एवढेच सांगितले तरी पुरते. महामार्ग कडेने गेला म्हणूनच बाजारातल्या गल्ल्या माणसाच्या चालीला बेताच्या राहिल्या, असे माझे मत आहे. स्टेशनाबाहेर सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याच्या योजनेतला, पूल बांधून बसगाड्या वर नेल्या, ते योग्यच झाले. पण त्यामुळे खाली मोकळी झालेली जागा चालणाऱ्यांच्या वाट्याला पुरेशी आलेली नाही, आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे.

माझी आत्या अनेक वर्षे दर सोमवारी डोंबिवलीहून कोपिनेश्वराच्या दर्शनाला येत असे आणि स्टेशनपासून देवळापर्यंत फुलांची पुडी हातात धरून चालत जात असे. तिचे पाय आजही धडधाकट आहेत. तरीही आता स्टेशनाबाहेर पडल्यावर ती रिक्षाच्या रांगेत उभी राहते, कारण वाटेत सलग वीस पावले टाकता येतील एवढा पदपथ तिला कुठे सापडत नाही.