शून्य पॉइंट, आठ टार्गेट

११ सप्टेंबर २०२३, सोमवारची रात्र. न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड, मेटलाइफ स्टेडियम. ॲरन रॉजर्स पळत मैदानात येतोय, हातात अमेरिकेचा झेंडा, कारण नऊ-अकराच्या हल्ल्याला त्याच दिवशी बावीस वर्षं झालीत आणि न्यूयॉर्क इथून अगदी शेजारी आहे. एकोणचाळीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल टाकणारा मुख्य खेळाडू, अठरा सीझन ग्रीन बेकडून खेळून न्यूयॉर्क जेट्सकडे आलेला. सगळ्या स्टेडियमला वाटतंय, आता आपले दिवस फिरले.

चार स्नॅप, म्हणजे चार वेळा बॉल खेळात आला. चौथ्या स्नॅपला समोरच्या बफेलो टीमच्या लिओनर्ड फ्लॉइडने त्याला खाली घेतलं. तो उठला, जरा उभा राहिला आणि मग स्वतःच हळूच खाली बसला. हा सीन नीट बघा, त्याला कोणी परत ढकललेलं नाही, तो आपणहून बसलाय. डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे टाचेच्या मागची ती जाड शीर, तुटली होती. सीझन तिथेच संपला.

त्या क्षणी देशभरात लाखो लोकांनी मोबाइल उघडून आपापली फँटसी टीम बघितली असणार, मीपण बघितली. रॉजर्ससमोर शून्य. एकच पास टाकला होता, तोही कोणी पकडला नव्हता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल, हेल्मेट, ती एनएफएल. फँटसी म्हणजे आपल्याकडे आयपीएलवर ॲपमध्ये टीम लावतात ना, त्याच घरातलं, पण एक मोठा फरक आहे. तिथे एका मॅचपुरती टीम असते आणि एकच बॅट्समन हजारो लोकांच्या टीममध्ये चालतो. इथे दहा-बारा मित्रांची लीग असते, सीझनच्या आधी ड्राफ्ट होतो, म्हणजे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा, आणि एक खेळाडू एकाकडे गेला की तो वर्षभर त्याचाच, दुसऱ्या कोणाला मिळत नाही. म्हणून निवडीला वजन असतं. दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी सामना. दहा यार्ड पळालात किंवा पकडलात की एक पॉइंट, टचडाऊनला, म्हणजे बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की, सहा, आमच्या लीगमध्ये प्रत्येक कॅचला वेगळा एक, आणि क्वार्टरबॅकला पासिंगच्या पंचवीस यार्डांना एक. हे खूळ काढलं बिल विंकनबॅकने, ओकलंड रेडर्स टीमच्या भागीदार मालकांपैकी एक, १९६२ मध्ये टीम न्यूयॉर्कला आलेली असताना हॉटेलात बसून. पुढच्या वर्षी आठ टीमची पहिली लीग झाली, तेव्हा सगळा हिशोब कागदावर, सोमवारचा पेपर बघून करायचे.

आमची लीग बारा जणांची. जर्सीतले ऑफिसमधले लोक, दोन तेलुगू मित्र, एक गुजराती, आणि पुण्याहून माझा मावसभाऊ. रविवारच्या दुपारच्या मॅचेस त्याच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, रात्रीची मॅच सोमवारी पहाटे पावणेसहाच्या पुढे, तरी तो बघतो. २०२३ च्या या पहिल्या आठवड्याबद्दल मला बोलायचंय ते त्याच्यामुळेच, कारण मंगळवारी सकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला होता, "दादा, हा हिगिन्स सोडून देऊ का? शून्य दिलं रे त्याने. शून्य!"

टी हिगिन्स, सिनसिनाटी बेंगल्सचा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा. क्लीव्हलंडला पावसात मॅच झाली, बेंगल्स २४-३ हरले. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो, त्याला त्या मॅचच्या अगदी दोन-चार दिवस आधी पाच वर्षांचा २७५ मिलियन डॉलरचा करार मिळालेला, आणि त्याने सगळी मिळून ८२ यार्ड टाकले, म्हणजे फँटसीत जेमतेम सव्वातीन पॉइंट. जुलैमध्ये पोटरी दुखावल्यामुळे तो जवळजवळ अख्खा सरावाचा महिना बाहेर होता, ते दिसत होतं. दुसरा रिसीव्हर जमार चेसला ३९ यार्ड. हिगिन्सला काहीच नाही.

मी त्याला म्हटलं थांब, पॉइंट नको बघूस, शेजारचा कॉलम बघ. टार्गेटचा.

टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने तुमच्याकडे बघून बॉल टाकला, पकडला गेला किंवा नाही गेला. हिगिन्सकडे आठ वेळा टाकला होता. आठ हा चांगला आकडा आहे, बऱ्याच रिसीव्हरना आठ टार्गेट मिळाले तर ते आनंदात असतात. पावसामुळे, बरोच्या पायामुळे, समोरच्या डिफेन्समुळे एकही हातात बसला नाही, ही गोष्ट वेगळी. पण टीमला तो हवा होता, परत परत त्याच्याकडेच बघत होते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते आमच्या लीगमध्ये सगळ्यांना सांगत असतो, की पहिल्या आठवड्यात काय मिळालं यापेक्षा किती वेळा विचारलं गेलं हे जास्त खरं असतं.

आता याच आकड्याची दुसरी बाजू बघा. त्याच रविवारी सिॲटलमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सची मॅच. रॅम्सचा कूपर कप, २०२१ मध्ये कॅच, यार्ड आणि टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला आलेला माणूस, मांडीच्या मागच्या स्नायूमुळे बाहेर, किमान चार मॅच. सगळ्यांनी रॅम्सवर फुली मारलेली. आणि तिथे पुका नकुआ नावाचा एक पोरगा आला, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला, १७७ व्या नंबरला घेतलेला, ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीचा. आमच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नावही कोणी घेतलं नव्हतं, आणि बहुतेक लीगमध्ये तीच स्थिती होती. रॅम्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डने पहिल्याच मॅचमध्ये त्याच्याकडे पंधरा वेळा टाकला. दहा कॅच, ११९ यार्ड. टचडाऊन नाही, म्हणून हायलाइटमध्ये तो पटकन लक्षात येत नाही, पण पंधरा!

पंधरा किती मोठे ते सांगतो. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त गाजला मायामीचा रिसीव्हर टायरिक हिल. मायामीने चार्जर्सना ३६-३४ हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक टुआने ४६६ यार्ड टाकले, हिलचे ११ कॅच, २१५ यार्ड, दोन टचडाऊन, आमच्या हिशोबाने साडेचव्वेचाळीस पॉइंट, एकटा माणूस मॅच जिंकून देतो असा आकडा. त्यालाही टार्गेट पंधराच होते. ड्राफ्टमध्ये अगदी वरती गेलेला हिल आणि कोणाच्याच खिजगणतीत नसलेला नकुआ, दोघांकडे बॉल सारख्याच वेळा आला. हा कॉलम बघितला तेव्हा माझ्या अंगावर खरंच काटा आला होता, म्हणजे टीव्हीवर कोणी ओरडून सांगत नव्हतं पण तिथे सगळं लिहून ठेवलेलं होतं.

मग मंगळवार रात्र, वेव्हरची रात्र. जे खेळाडू कोणाकडेच नाहीत त्यांच्यावर बोली लावायची, प्रत्येकाकडे सीझनभरासाठी शंभर खोटे डॉलर, आणि कोणी किती लावले ते सकाळपर्यंत कळत नाही. मी पुकावर ३१ लावले. आमच्या एका तेलुगू मित्राने ३८ लावले. बुधवारी पहाटे उठून बघितलं तर गेलेला. वाईट वाटलं, अजून वाटतं.

रॅम्समध्येच अजून एक धडा होता आणि तो जास्त बारीक आहे, कारण इथे नुसता आकडा फसवतो. त्यांचे दोन रनिंग बॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणारे, कॅम एकर्स आणि कायरन विल्यम्स. एकर्सला बॉल २२ वेळा दिला, त्याने २९ यार्ड काढले. कायरनला १५ वेळा, ५२ यार्ड आणि दोन टचडाऊन. आता माझंच गणित लावलं तर २२ वेळा विचारलेला एकर्स चांगला म्हणायचा ना? नाही. कारण मॅच खरी रंगात होती तेव्हा मैदानात कायरन जास्त होता, आणि रॅम्स पुढे गेल्यावर, घड्याळ संपवायचं असताना, एकर्सच्या हातात बॉल देत राहिले. म्हणजे किती वेळा एवढंच नाही, कधी, हेपण बघायचं. पुढच्या रविवारी एकर्सला मॅचचे कपडेच घालू दिले नाहीत, धडधाकट असून बाहेर, आणि त्याच आठवड्यात मिनेसोटाला देऊन टाकला. कायरन मधल्या काही मॅच दुखापतीत गमावूनही बारा मॅचमध्ये ११४४ यार्ड पळाला.

दुखापतींचा हा आठवडा फार वाईट होता. बाल्टिमोरच्या जे. के. डॉबिन्सचीही अकिलीस गेली, रॉजर्सच्या आदल्याच दिवशी, आधी गुडघ्याच्या दुखण्यातून इतक्या कष्टाने परत आलेला पोरगा, त्याच्यासाठी खूप वाईट वाटतं, यात फँटसीचा संबंध नाही. ॲरन जोन्सने शिकागोविरुद्ध दोन टचडाऊन केले आणि मांडी धरून बसला. चार्जर्सचा ऑस्टिन एकलर ११७ यार्ड पळाला आणि घोट्याला लागलं. एकलरच्या जागी जोशुआ केली येणार म्हणून लोक त्याच्या मागे पळाले, त्याने पहिल्या आठवड्यात ९१ यार्ड केलेच होते. दुसऱ्या आठवड्यात टेनेसीसमोर त्याला बॉल १३ वेळा मिळाला, यार्ड ३९. संधी होती, समोर भिंत होती. म्हणून माझं म्हणणं मी रनिंग बॅकच्या बाबतीत जरा सैल धरतो, रिसीव्हरच्या बाबतीत घट्ट.

चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सीचंही सांगायला हवं. मंगळवारी सरावात गुडघा दुखावला, गुरुवारी सीझनची पहिलीच मॅच, तो नाही, आणि चीफ्स घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून २१-२० हरले. पहिल्या राउंडमध्ये त्याला घेतलेल्यांच्या पोटात गोळा. पण त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमचा नवखा टाइट एंड (केल्सीचीच जागा, पासही पकडतो आणि समोरच्यांना अडवतोही), सॅम लपोर्टा, पाच कॅच, ३९ यार्ड. साधा आकडा, कोणी लक्ष दिलं नाही. सीझन संपला तेव्हा टाइट एंडमध्ये सगळ्यात जास्त फँटसी पॉइंट त्याचे होते.

आता परत मेटलाइफला येऊ, कारण हे स्टेडियम त्या दोन रात्रींत काय काय बघत होतं. रविवारी रात्री इथेच न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमला, जायंट्सना, डॅलसने ४०-० धुतलं, पावसात. जायंट्सनी पायाने मारलेला फील्ड गोल अडवला आणि तोच बॉल उचलून ५८ यार्ड पळत टचडाऊन, मग डॅरॉन ब्लँडने समोरच्यांचाच पास पकडून २२ यार्ड पळत अजून एक, आणि सात सॅक, म्हणजे बॉल टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. ज्यांच्याकडे डॅलसचा अख्खा डिफेन्स होता (फँटसीत तो एका खेळाडूसारखा घेतात) त्यांनी त्या एका ओळीवर सामना जिंकला. आम्ही जर्सीत राहतो, ऑफिसात अर्धे जायंट्सवाले, सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कोणी बोलत नव्हतं.

आणि सोमवारी रॉजर्स पडला. पण ती मॅच जेट्स जिंकले, हे लोक विसरतात. त्यांचा रनिंग बॅक ब्रीस हॉल, आदल्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याची एसीएल, म्हणजे आतला अस्थिबंध, तुटलेली, अजून पूर्ण भरवसा नाही म्हणून त्याला फक्त दहा वेळा बॉल दिला, त्याने १२७ यार्ड काढले, त्यातली एक धाव ८३ यार्डांची. तो पळताना बघा, त्या पायाकडे बघा, कुठे लचक दिसते का. आणि ओव्हरटाइममध्ये झेवियर गिप्सन, ज्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये एकाही टीमने निवडलं नव्हतं, पंट, म्हणजे समोरच्यांनी पायाने लांब मारलेला बॉल, पकडून ६५ यार्ड पळाला, २२-१६. त्याचे पॉइंट कोणालाच मिळाले नाहीत, कारण तो कोणाच्याच फँटसी टीममध्ये नव्हता.

दुसरा रविवार, १७ सप्टेंबर. मावसभावाने हिगिन्सला सोडलं नव्हतं, पण लाइनअपमध्ये ठेवायचा की बेंचवर, यावर शनिवारी रात्री आमचा पाऊण तास फोन झाला, मावशी मागून विचारत होती की एवढं काय आहे अमेरिकेत. शेवटी ठेवला. बेंगल्स बाल्टिमोरकडून २७-२४ हरले. हिगिन्सकडे बारा वेळा बॉल टाकला, आठ कॅच, ८९ यार्ड, दोन टचडाऊन. पुण्यात तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. मेसेज आला, "दादा जागा आहेस ना, दुसरं पण झालं!"

आणि त्याच दुपारी नकुआ, आमच्या त्या तेलुगू मित्राच्या टीममध्ये, सॅन फ्रान्सिस्कोसमोर १५ कॅच, १४७ यार्ड. एका मॅचमध्ये एवढे कॅच एनएफएलच्या इतिहासात कुठल्याही रुकीने, म्हणजे पहिल्या सीझनच्या खेळाडूने, केले नव्हते. सीझन संपला तेव्हा त्याचे १०५ कॅच आणि १४८६ यार्ड झाले होते, दोन्ही तेव्हा रुकीसाठी विक्रम, यार्डांचा जुना विक्रम १९६० पासून कोणी मोडला नव्हता.

३८ लावले होते त्याने. मी ३१.