औषधाची चिठ्ठी आणि मतदार यादी

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर पक्षाचं नाव घ्यायचं नसतं, हे आज माझ्या पथ्यावरच पडलं. औषधांच्या किमती आणि मतदानाची सोय या दोन विषयांत पक्षाचं नाव न घेता बरंच लांब जाता येतं.

मी सिंधुदुर्गात औषधाचं दुकान चालवतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं माझ्याकडे एकामागोमाग एक उभी असतात, आणि दोघांच्याही चिठ्ठीवर तीच साखरेची गोळी असते. बिल ऐकल्यावर दोघांच्या तोंडून शिवीही साधारण तीच निघते, फक्त एक जण दिल्लीला देतो, दुसरा मुंबईला.

आता एक आतली गोष्ट सांगतो. व्यवसायबंधू रागावतील, रागावू देत. दुकानात जी गोळी जेनेरिक, म्हणजे तेच औषध पण मोठ्या ब्रँडच्या नावाशिवाय, म्हणून मिळते, तिच्यावर छापलेली किंमत आणि आम्हाला ती पडते ती किंमत, यांत अनेकदा खूप अंतर असतं. ते अंतर गिऱ्हाइकाला द्यायचं की गल्ल्यात ठेवायचं, हे दुकानदाराच्या मनावर. म्हणून ‘जेनेरिक द्या’ एवढं म्हणून थांबू नका. छापील किमतीवर किती सूट, तेही विचारा. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली औषधं मात्र वेगळी. 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत, आणि त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांच्या भावांची सरासरी काढायची, त्यावर किरकोळ दुकानदाराचे 16 टक्के. पुढे दरवर्षी घाऊक महागाईच्या आकड्याप्रमाणे ती हलते. 2023 च्या एप्रिलात 12 टक्क्यांच्या वर वाढ मिळाली होती, पुढच्या वर्षी जवळजवळ शून्य. पहिल्या वर्षी लोक माझ्याशी भांडले. दुसऱ्या वर्षी कुणी अभिनंदन करायला आलं नाही.

यात खरा वाद आहे, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एक म्हणतो, किंमत दाबा. दुसरा म्हणतो, फार दाबली तर कंपनी औषध बनवायचंच सोडेल. आंबा बागायतदारांना हे पटकन कळेल. फवारणीचं औषध अंगावर जाऊन विषबाधा झाली, तर रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं. जुनं, स्वस्त, आणि वेळेवर नसेल तर जीव जातो. या भावात बनवणं परवडत नाही, असं उत्पादक म्हणू लागले, तेव्हा 2024 च्या ऑक्टोबरात केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं अ‍ॅट्रोपिनसह आठ औषधांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवून दिली. आणि याच प्राधिकरणानं 2017 च्या फेब्रुवारीत हृदयाच्या औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर आणून बांधली होती. एकदा खाली ओढली, एकदा वर जाऊ दिली. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. घोषणा देणाऱ्याला मात्र यातला एकच निवडावा लागतो.

स्वस्त जेनेरिक औषधं देणाऱ्या सरकारी योजनेतल्या जनऔषधी दुकानांचंही तसंच. 2008 मध्ये एका सरकारनं ती सुरू केली. पुढे दुसरं आलं, त्यानं नावापुढे पंतप्रधान जोडलं आणि दुकानं कितीतरी पटींनी वाढवली. श्रेय कुणाचं यावर पारावर खुशाल भांडा. बंद करा असं आमच्याकडे कुठलाच गट म्हणत नाही. अडचण आहे ती आपल्या मनात. कालपरवाच एक आजी म्हणाल्या, “माका स्वस्तातली नको, डॉक्टरान लिवल्यानी तीच दी.” त्यांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं सांगितलं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं पोरं दगावत होती, तेव्हा त्यांनी प्राझोसिन वापरून ती वाचवली. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. आजींनी ऐकून घेतलं आणि नेली तीच महागडी.

आता मतदान. इथं वाद जास्त कडू आहे, कारण तो घराघरांत आहे. 2024 च्या लोकसभेला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात 7 मे रोजी मतदान झालं, मुंबईत 20 मे रोजी. मे महिना, आंबे-काजूचे दिवस, चाकरमानी गावात. लगेच कुजबुज: याचं नाव दोन्हीकडे आहे. गावकरी म्हणतो, वर्षातून दोनदा येणाऱ्यानं आमचा सरपंच का ठरवावा? चाकरमानी म्हणतो, घरपट्टी मी भरतो, उद्या म्हातारपणी इथंच येणार.

कायदा दोघांनाही अर्धा-अर्धा धरून आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 म्हणतं, केवळ गावात घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. तेच कलम पुढे म्हणतं, तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानं त्याचं रहिवासीपण जातही नाही. म्हणजे कांदिवलीत कायमचा राहणाऱ्यानं तिथं नाव लावावं, आणि पुण्यात शिकणाऱ्या पोराचं किंवा आठ दिवस ट्रॉलरवर असलेल्या तांडेलाचं नाव गावातून कुणी उडवू नये. एकाला बोगस नावांची भीती, दुसऱ्याला खरी नावं गळण्याची. दोघांनाही यादीतल्या त्याच ओळी वाचायच्या आहेत. मग एकत्र बसून का वाचत नाही?

हे होऊ शकतं, याचा नमुना त्याच निवडणुकीत दिसला. 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी मत देता आलं. साकव ओलांडून, घाटी चढून पथक येणार. पडवीत पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, आत म्हातारा, बाहेर व्हिडिओ काढणारा आणि उमेदवारांचे प्रतिनिधी. नजर दोघांचीही, म्हणून संशयाला जागा कमी.

मात्र व्यापारी जहाजावरच्या आपल्या पोरांची सोय अजून नाही. सैनिकाला टपाली मत आहे, यांना नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचं, म्हणजे दुसऱ्या गावी राहून आपल्या मतदारसंघात मत देण्याच्या यंत्राचं, प्रात्यक्षिक निवडणूक आयोगानं 2023 च्या जानेवारीत ठेवलं होतं. पक्षांनी शंका काढल्या आणि ते मागे पडलं. मला त्या शंका फालतू वाटत नाहीत. पण शंका काढून सगळे घरी गेले, पुढचा उपाय कुणीच मांडला नाही, हे खटकतं.

तोपर्यंत हातात आहे ते करू. यादीत नव्यानं नाव घालायच्या पात्रता तारखा आता वर्षातून चार असतात, त्यातली एक 1 ऑक्टोबर. त्याआधी गणपती येतात, मुंबईकर गावात असतात. त्या आठवड्यात एक दिवस बीएलओला, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, शाळेत बसवा. शेजारी दोन्ही गटांचे बूथ प्रतिनिधी आणि टेबलावर सहा, सात आणि आठ नंबरचे फॉर्म: नवीन नाव, वगळणं, पत्ता बदल. नावं मोठ्यानं वाचा. मयत कोण, लग्न होऊन गेलेली कोण, अठरा पूर्ण झालेला कोण, हे वाडीतल्या बायकांइतकं कुठल्याच संगणकाला ठाऊक नसतं. वेळ आरतीच्या आधीची ठेवा, नंतर कुणी सापडायचं नाही.

नमस्कार.