हे तर आपलंच!

नमस्कार श्रोतेहो.

आमचा चौदा जणांचा गट होता. पुण्याचे सहा, ठाण्याचे पाच आणि आम्ही तिघी बहिणी, मूळच्या रत्नागिरीकडच्या. दिवाळी आटोपली, उरलासुरला चिवडा पिशव्यांत भरला आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही कंबोडियात सिएम रीपला जाऊन उतरलो. सहा दिवसांची सहल. सोबत तिथलाच परवानाधारक गाईड. चाळिशीचा, किडकिडीत, अंगात कायम इस्त्रीचा सदरा. तो आम्हा सगळ्यांना 'बोंग' म्हणायचा. बोंग म्हणजे थोरलं भावंड. ताई आणि दादा, दोघांना शब्द एकच. वयानं आमच्याहून लहान असला तरी आम्हीही त्याला दादाच म्हणायला लागलो.

या सहा दिवसांत आमच्या गटाच्या तोंडी एक वाक्य सारखं यायचं. "अगं बाई, हे तर आपलंच!" आज मी देवळांबद्दल सांगणार आहे खरी, पण त्या वाक्याचं पुढे काय झालं तेही सांगणार आहे.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. पहिल्या दुपारी आम्ही शहराच्या पूर्वेला रोलुओसला गेलो. नवव्या शतकात इथे हरिहरालय नावाची राजधानी होती. इंद्रवर्मन राजानं 879 मध्ये प्रेआ को आणि 881 मध्ये बाकोंग, अशी दोन देवळं इथे उभारली. सगळे जण देवळासमोरच्या तीन नंदींचे फोटो काढत होते आणि मी आवाराच्या भिंतीशी अडकले होते. तांबूस, भोकाभोकांचा, हात फिरवला की खरखरीत लागणारा दगड. चक्क जांभा! आमच्या घराच्या पायऱ्यांचा, विहिरीचा, गडग्याचा जांभा. मी धाकटीला हाक मारली, "हे बघ, हे तर आपलंच!" दादा म्हणाला, "आम्ही याला बाय क्रिएम म्हणतो. भाजलेला भात." परत बघितलं तर खरंच, पातेल्याच्या तळाशी लागलेल्या भाताच्या खरवडीसारखा दिसत होता. आयुष्य जांभ्यावर गेलं, पण मला कधी तो भातासारखा दिसला नव्हता.

तिथून पुढे शब्दांची झड लागली. प्रासात म्हणजे प्रासाद. नोकोर म्हणजे नगर, आणि त्याचंच पुढे अंगकोर झालं. साला म्हणजे शाळा, क्रू म्हणजे गुरू. वारसुद्धा आपलेच: रविवार आतित, सोमवार चान, बुधवार पुत, शुक्रवार सोक. आदित्याचं शेपूट तुटलंय, पण ओळख पटते. बसमध्ये पैजा लागल्या, कोण जास्त शब्द ओळखतो म्हणून. दादा हसत होता. पण एकदा हळूच म्हणाला, "बोंग, तुम्ही ओळखीचे शब्द तेवढे ऐकता. मधले आमचे शब्द राहून जातात." तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगकोर वाट. तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा, त्यावर आपला फोटो छापतात. नोटा मात्र कोऱ्या करकरीत न्या. आमच्या गावात ज्यानं डॉलर बदलून दिले, त्यानं दोन नोटा कोपरा फाटलेल्या दिल्या होत्या. त्या सहा दिवस फिरून तशाच परत आल्या, कुणी हातात धरेना.

सूर्योदयाला सगळे जातात म्हणून आम्हीही पहाटे चारला उठून गेलो. खरं सांगू का? मला तो सूर्योदय पटला नाही. तळ्याकाठी हजार मोबाइल हवेत, समोर शिखरं कमी आणि कोपरं जास्त. माझं ऐकाल तर आरामात नाश्ता करून जा. गर्दी तेव्हा नाश्त्याला परतलेली असते.

देवळाचा आकार रेडिओवरून कसा सांगावा? आधी पाण्याचा खंदक, 190 मीटर रुंद, चारही बाजूंनी. तो ओलांडायला दगडी रस्ता. मग लांबलचक प्राकार, मग पुन्हा रस्ता, आणि मग एकावर एक चढत गेलेली दालनं आणि पाच शिखरं. मधलं शिखर जमिनीपासून 65 मीटर उंच. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं हे विष्णूसाठी बांधलं. पुढे ते बौद्धांचं झालं, आणि आजही तिथे भगव्या वस्त्रांतले भिक्खू दिसतात.

पश्चिमेच्या गोपुरातच एक उंच आठ हातांचा विष्णू उभा आहे. अंगावर पिवळं रेशीम, पायाशी उदबत्त्या, फुलं आणि त्या दिवशी ताटात एक अख्खी उकडलेली कोंबडी. आमच्यातल्या एक काकू दचकल्याच. "विष्णूला कोंबडी?" दादानं सांगितलं, "आमच्यासाठी हा ता रीच. ता म्हणजे आजोबा, रीच म्हणजे राजा. या जागेची राखण तो करतो. नवस बोलायचा, फेडायचा." काकूंचा चेहरा काही सैल होईना. तेव्हा माझी थोरली बहीण म्हणाली, "आमच्याकडे राखणदाराला कोंबडा देतातच की. फक्त त्याला विष्णू म्हणत नाहीत." दादाला ते भाषांतर करून सांगितलं, तर तो इतका खूश झाला की त्यानं आमच्या नावानंही तीन उदबत्त्या लावल्या.

आतल्या भिंतींवरच्या शिल्पपटांत मात्र आमचं वाक्य थांबता थांबेना. कुरुक्षेत्र, त्यात शरपंजरी भीष्म. लंकेचं युद्ध. रेड्यावर बसलेला यम आणि त्याच्या दरबारात चित्रगुप्त, त्याखाली बत्तीस नरक. आम्ही सवयीनं प्रदक्षिणेला निघालो, तर दादानं थांबवलं. "उलटं चला. हे डाव्या हाताला वळत वाचायचं." आमच्यातले एक निवृत्त गुरुजी एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे अपसव्य." देऊळ पश्चिमेला तोंड करून आणि शिल्पं अपसव्य; म्हणूनच पुष्कळ अभ्यासकांना हे राजाचं मरणोत्तर स्मारकही वाटतं.

पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन आहे. जवळजवळ 49 मीटर लांब एकच पट. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, हातात वासुकी, मध्ये विष्णू. आम्ही पुन्हा म्हटलं, "आपलंच!" दादानं आम्हाला मंदार पर्वताच्या पायथ्याशी वाकायला लावलं. तिथे पाण्यात मासे, मगरी, कुठले कुठले जलचर. कडेला ते अख्खे आहेत. जसजसं मंथनाच्या जवळ जावं तसतसे ते ओढले गेलेत, वाकलेत, आणि अगदी रवीपाशी त्यांचे तुकडे झालेत. डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे. "तुमच्या गोष्टीत हे मासे आहेत का?" त्यानं विचारलं. गुरुजींनी बराच विचार केला. लहानपणापासून मंथनातून निघालेली चौदा रत्नं घडाघडा म्हणणारे आम्ही. त्या पाण्यात मासे असतील आणि त्यांचं काय झालं असेल, हे कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी मासेच शोधायला लागले. तिसऱ्या दिवशी सातव्या जयवर्मनच्या अंगकोर थोमला गेलो. शहराला तीन-तीन किलोमीटरच्या चार भिंती आणि मधोमध बायोन, मंद हसणाऱ्या प्रचंड दगडी चेहऱ्यांचं. चेहऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्याखालच्या भिंतींवर कोंबड्यांची झुंज आहे, बाजार आहे, रटरटणारी पातेली आहेत. आणि झाडांच्या बुंध्यांमधून पोहणारे मासे आहेत. मला वाटलं, कारागिराची गंमत. झाडात कुठे मासे असतात?

ता प्रोह्मबद्दल थोडक्यातच सांगते. भिंतींवर बसलेल्या झाडांच्या अजस्र मुळ्या बघायला तिथे झुंबड उडते, आणि ते दृश्य आहेही तसंच. जयवर्मननं 1186 मध्ये हा विहार आईच्या स्मरणार्थ उभारला. तिथल्या शिलालेखात हिशेब आहे: विहाराच्या सेवेला 3,140 गावं आणि 79,365 माणसं, नर्तकी 615. राज्यभरातल्या 102 आरोग्यशाळांचाही त्यात उल्लेख आहे. दुरुस्तीत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हात आहे, हे कळल्यावर आमच्या गटानं टाळ्या वाजवल्या. दादानंही वाजवल्या.

त्या संध्याकाळी परत येताना कुणीतरी त्याला घरचं विचारलं. 1975 ते 79 ही ख्मेर रूजची, म्हणजे तिथल्या जुलमी कम्युनिस्ट राजवटीची, चार वर्षं. देशातली 15 ते 20 लाख माणसं गेली. "आजोबा आणि दोन काका," एवढंच तो म्हणाला आणि खिडकीबाहेरची भातं दाखवायला लागला. कापणी तोंडावर आली होती. मध्ये मध्ये ताडाची झाडं, एकटी, सरळ.

चौथा दिवस बान्तेय स्रेईचा. स्रेई म्हणजे स्त्री. हे देऊळ राजानं बांधलेलं नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूनं 967 मध्ये प्रतिष्ठापना केली. गुलाबी वाळूचा दगड, आणि देऊळ इतकं बुटकं की गाभाऱ्याच्या दारातून वाकूनच जावं लागेल. पण कोरीवकाम असं, की लाकडावरही कुणी इतकं बारीक करणार नाही. एका त्रिकोणी शिल्पात रावण कैलास हलवतोय. वेरूळला पाहिलेला प्रसंग तोच. पार्वती तशीच शंकराला बिलगलेली. मात्र वेरूळचा रावण आख्ख्या डोंगराच्या वजनाखाली दिसतो. इथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा झालाय, थेट त्यांच्या बाकोंगसारखा, आणि पायऱ्यांवर घाबरलेली जनावरं नि ऋषी. त्यांनी कैलास कधी पाहिला नव्हता. मग पर्वत म्हणजे त्यांचं देऊळच.

यावेळी गटात कुणी ते वाक्य बोललं नाही. गुरुजी नुसते बघत उभे होते.

पाचव्या दिवशी तोन्ले साप तळं. हा प्रकार जगावेगळाच. तळ्यातून एक नदी निघून मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की ही नदी चक्क उलटी वाहायला लागते आणि सगळं पाणी तळ्यात शिरतं. उन्हाळ्यात 2,500 चौरस किलोमीटरचं तळं 15,000 चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं. आजूबाजूचं रान बुडतं. काठावरच्या गावांची घरं उंच उंच खांबांवर, पाणी असलं की होडी घराच्या जिन्याला बांधतात. आम्ही कांपोंग फ्लुकच्या बुडालेल्या रानात छोट्या होडीतून गेलो. वल्ही मारणारी बाई बारक्या पोराला पुढ्यात घेऊन बसली होती. दोन्ही बाजूंना झाडांचे बुंधे अर्धे पाण्यात. आणि पाण्याखाली, बुंध्यांच्या मधून, मासे.

दादानं माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. बायोनच्या कारागिरानं गंमत केली नव्हती. तो बघितलेलं कोरत होता.

शेवटची संध्याकाळ एका खेड्यात होती. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी. त्यांच्या महिन्याचं नाव कदेउक, म्हणजे कार्तिक. नदी पुन्हा सुलट वाहू लागते तेव्हाचा हा त्यांचा जलोत्सव, होड्यांच्या शर्यतींचा. एका घराच्या अंगणातून धप्प, धप्प असा आवाज येत होता. आम्ही तिघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मुसळ! एक जण चुलीवरच्या कढईत नवं भात भाजत होती, तडतड वाजायला लागलं की गरम गरमच लाकडी उखळात ओतायची. दोघी आळीपाळीनं मुसळं मारत होत्या, आणि एक म्हातारी दोन घावांच्या मधल्या क्षणात काठीनं उखळातलं भात हलवत होती. तिच्या हाताला मुसळ लागलं कसं नाही, देव जाणे. मग सुपात पाखडलं. खाली उरले ते हिरवट, चपटे, धुरकट वासाचे पोहे. त्यांना अंबोक म्हणतात. पौर्णिमेच्या रात्री चंद्राला हात जोडायचे आणि केळं नि नारळाबरोबर अंबोक खायचे.

म्हातारीनं आमच्या ओंजळींत घातले. आजी करायची त्या पोह्यांची चव होती, कणभरही फरक नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते पोह्यांबरोबर गिळलं. दादाला एवढंच म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडेही पौर्णिमेच्या रात्री चंद्राला दाखवून पोहे आणि नारळ खातात. कोजागरीला, एक महिना आधी."

त्यानं सांगितलं. म्हातारीनं काठी बाजूला ठेवली, आम्हा तिघींना वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि हसत काहीतरी म्हणाली. अंगणातल्या सगळ्या बायका खळखळून हसल्या. आम्ही दादाकडे बघितलं. तोही हसत होता, सांगेना. खूप आग्रह केला तेव्हा म्हणाला, "आजी म्हणतायत, अरे वा, हे तर आमचंच! तुमच्याकडे कोणी नेलं?"